सातातला एक

समताचं पत्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. आधी वाटलं, आठवडाभरात देऊ. मग वाटलं, तिनं एव्हाना दुसरीकडून काम भागवलं असेल. ते पत्र मी वाचनालयात शब्दकोशांच्या कपाटात ठेवलं होतं, कारण तिकडे कोणी फिरकत नाही. पुढे पुढे मीही त्या कपाटासमोरून जाणं टाळायला लागलो.

मी निवृत्त ग्रंथपाल आहे. मलकापूरच्या एका जुन्या वाचनालयात छत्तीस वर्षं काढली. नवा माणूस मिळेना, म्हणून अजूनही दुपारी जाऊन बसतो. मला फोनवर नीट बोलता येत नाही. समोरचा दिसत नसला की माझी वाक्यं अर्ध्यात तुटतात. समताला हे ठाऊक होतं, म्हणून तिनं पत्र लिहिलं.

ती आता एकतिशीची असेल. माणसाला अवकाशात नेऊन परत आणायचा जो सरकारी कार्यक्रम चालू आहे, त्यात ती पॅराशूटच्या गटात इंजिनिअर आहे. खाली येणारी कुपी समुद्रावर आपटू नये, यासाठी शेवटच्या काही मिनिटांत ज्या छत्र्या उघडतात, त्या. तिनं लिहिलं होतं :

‘सर, आमच्याकडे सध्या मोठा वाद चालू आहे. माणूस बसवण्याआधी तीन रिकामी उड्डाणं करायची असं ठरलं होतं. आता काहींचं म्हणणं आहे की दोन पुरेत, तिसऱ्याचा पैसा पुढच्या अवकाश स्थानकाकडे वळवावा. काही म्हणतात, माणूस पाठवूच नका, यंत्रं पाठवा. मी मधे उभी आहे. माणूस पाठवा, पण तिसरं रिकामं उड्डाण झाल्यावर, असं माझं टिपण आहे. त्यात मी लिंडहर्स्ट आयोगाचं वाक्य घेतलं. समितीनं मूळ अहवाल मागितलाय. आमच्या ग्रंथालयाला तो कुठेच सापडत नाही. तुमच्याकडे असणार. त्या पानाची झेरॉक्स किंवा निदान तुमच्या सहीनं संदर्भ पाठवाल का? समिती एकोणतीस सप्टेंबरला बसते आहे. खरं सांगू का सर, त्या वाक्यामुळेच मी पॅराशूटकडे वळले.’

हे शेवटचं वाक्य वाचून मी पत्राची घडी घातली. लिंडहर्स्ट आयोग नावाचा कोणताही आयोग मला माहीत नाही. ते नाव मी तयार केलं होतं.

कसं ते सांगतो. आमच्या वाचनालयाची दर वर्षी वादविवाद स्पर्धा असे. कोणी कोणत्या बाजूनं बोलायचं हे चिठ्ठी टाकून ठरे आणि भाषणं मी लिहून देई. दोन्ही बाजूंची. सगळ्या शाळांत असंच चालायचं, शिक्षक लिहीत आणि मुलं पाठ करीत, त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. मला तर ते आवडायचं. स्वतःचं मत मांडायची माझी कधी हिंमत झाली नाही. इथं एका पानावर मी होकार द्यायचो, दुसऱ्यावर नकार, आणि बोलायचं दुसऱ्या कोणीतरी.

त्या वर्षी विषय होता, देशानं माणूस अवकाशात पाठवावा का. समता नववीत होती. तिला विरोधाची चिठ्ठी आली. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या परीक्षकांनी शेरा मारला होता की मलकापूरच्या मुलांच्या भाषणांत संदर्भ नसतात. तो मला लागला होता. समताचं भाषण लिहिताना मला एक विचार सुचला : जाण्यावर जितका खर्च, तितकाच परतीवर व्हायला हवा. अजूनही मला तो बरा वाटतो. पण शालिग्राम ग्रंथपालाचा विचार म्हणून तो कोण ऐकणार? म्हणून मी लिहिलं, ‘परदेशातल्या लिंडहर्स्ट आयोगानं १९७४ साली बजावलं आहे की जिथं परतीचा खर्च निम्म्यानं कापला गेला, तिथं सातातला एक माणूस परतला नाही.’

सात का, ते मला आज सांगता येत नाही. सहा कानाला बरं लागत नव्हतं बहुतेक.

समता पहिली आली. तिचं भाषण आमच्या स्मरणिकेत छापलं गेलं. तिथून कोणा वार्ताहरानं एका दैनिकाच्या पुरवणीत घेतलं. पुढे मी त्याचा माग ठेवला नाही.

पत्र आल्यावर मात्र मी शोधायला लागलो. काय शोधत होतो हे सांगायला लाज वाटते. मी तो अहवालच शोधत होतो. जगात इतके आयोग झाले, त्यांतल्या एखाद्यानं असं काही म्हटलंही असेल, मी कुठेतरी वाचून विसरलो असेन, अशी आशा मी स्वतःला लावली. विश्वकोशाचे खंड पाहिले. जुनी विज्ञान मासिकं पानोपान चाळली. काही सापडलं नाही. आभाळ त्या दिवसांत रोज भरून यायचं आणि न पडताच राहायचं. वाचनालयात दुपारी चार वाजता दिवे लावावे लागत.

आणि मग ते वाक्य मला इतरत्र भेटायला लागलं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथं बसतात. एके दुपारी मी पंखे बंद करायला वर गेलो, तर हर्षल आणि योगिनी यांचं भांडण चाललं होतं. दोघं तीन वर्षांपासून एकाच टेबलावर बसतात आणि एकमेकांना निबंधाचे विषय घालतात.

“मी म्हन्ते माणूस काऊन पाठवाचा?” योगिनी म्हणत होती. “यंत्र पाठव ना. त्याले जेवाले लागत नाही, हागाले लागत नाही.”

“मंग यूपीएससीले बी यंत्रच बसव,” हर्षल म्हणाला. “तू काऊन बसून राह्यली?”

“त्या पैशात किती दवाखाने होतीन, सांग.”

“एकही नाही होनार. यान बंद केलं म्हनून तुह्या गावात उद्या डॉक्टर येनार हाये का? तो पैसा दुसऱ्याच कशात जाईन.”

“जाऊ दे. पन यंत्र हरवलं तर आपन नवं बनवतो बे. माणूस हरवला तर त्याच्या नावाची शाळा काढतो, अन् त्या शाळेले बी मास्तर नसते.”

हर्षल हसला. मग त्यानं पुढ्यातलं गाईड उघडून बोट ठेवलं. “हे पाय. लिंडहर्स्ट आयोग, १९७४. परतीचा खर्च कापला तर सातातला एक. मुद्दा क्रमांक चार. हे लिहिलं की मार्क भेटतात.”

“सातातला एक,” योगिनी डोळे मिटून पुटपुटली, पाठ करताना पुटपुटतात तशी. पुन्हा म्हणाली, “सातातला एक.” मग माझ्याकडे वळली. “काका, हे खरं हाये का हो?”

माझं बोट पंख्याच्या बटणावर होतं. मी म्हणालो, “पुस्तकात आहे ना.”

खाली येताना मला जिना लांब वाटला. सोळा वर्षांपूर्वी माझ्या लेखणीतून निघालेली ती ओळ माझ्या नकळत गावोगाव फिरली होती आणि आता परत येऊन माझ्याच छताखाली, एका मुलीच्या तोंडून, मला ऐकू आली होती.

त्या आठवड्यात समतानं वाचनालयात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी शिपायाला हातानं नाही म्हणून खुणावलं.

त्यानंतर मी जे केलं ते फक्त ग्रंथपालच करू शकतो. आमच्याकडे अजून तालिकेचे खण आहेत. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, त्यावर लेखक, नाव, दाखल क्रमांक. पुस्तक हरवलं तर कार्ड काढत नाहीत, त्यावर तांबड्या शाईनं ‘गहाळ’ लिहितात. मी एक जुनं पिवळं पडलेलं कोरं कार्ड घेतलं आणि त्यावर लिहिलं : लिंडहर्स्ट आयोग, अहवाल, १९७४. एका रद्द झालेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक घातला. कोपऱ्यात तांबड्या शाईनं ‘गहाळ’. मग ते खणात त्याच्या जागी सरकवलं. शेजारच्या कार्डांत ते अगदी सहज बसलं. नसलेलं पुस्तक मी आधी जन्माला घातलं आणि लगेच हरवूनही टाकलं होतं. ते कार्ड कोणाला दाखवायचं असं मी ठरवलं नव्हतं. नुसतं असावं, इतकंच वाटलं. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

एकोणीस तारखेला समताचे वडील वाचनालयात आले. शंकरराव रेल्वेत चावीवाले होते. रोज ठरलेला टप्पा पायी चालायचा, रुळाची प्रत्येक चावी ठोकून पाहायची आणि मग वहीत सही करायची, असं त्यांचं आयुष्य गेलं. आताही ते चालताना खाली पाहत चालतात. माझ्यासमोर ते कधी खुर्चीत नीट बसत नाहीत, कडेला टेकतात. त्यांच्या पोरीला वाचायला लावलं म्हणून मला फार मान देतात. तो मान मला नेहमीच जड गेला आहे.

“सर, नाराज हाये काय आमच्यावर?” ते म्हणाले.

“नाही हो. काय झालं?”

“पोरगी म्हनते, सर उत्तर देऊन नाही राह्यले. म्या म्हटलं, तब्येत नसंन बरी. पन तुमी तर दिसून राह्यले बरे.” ते थोडे हसले. मग हसू गेलं. “सर, ती लय घोरात हाये. जे चौघं जानार हायेत ना, त्याइच्या खांद्याच्या पट्ट्याचं माप घ्याच्या वेळी ही तिथं होती म्हने. त्यातल्या एकाची पोरगी आठ वर्षाची हाये. ही म्हनते, बाबा, तिसरी छत्री एकदा उशिरा उघडली. काऊन उघडली ते सापडलं, दुरुस्त बी झालं, पन पुन्हा पाह्यल्याशिवाय मी हो कशी म्हनू? अन् समितीतले लोक म्हनतात, तुमचा आयोग दाखवा.”

बोलायची ती वेळ होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

“तो अहवाल होता ना सर इथं?”

मी उठलो. खण ओढला. कार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं. माझं बोट तांबड्या अक्षरांवर होतं. “गहाळ झालाय,” मी म्हणालो.

शंकररावांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “म्हंजे होता.” त्यांनी खिशातून मोबाईल काढला, कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं आणि फोटो काढला. “हेच पायजे होतं तिले. एवढंच.”

मी त्यांना थांबवायला हात पुढे केला. त्यांना वाटलं मी निरोपाचा हात देतोय. त्यांनी तो हात दोन्ही हातांत घेतला आणि गेले.

त्यानंतरचे दोन दिवस मी घरी होतो. सुभद्रा, माझी बायको, दर जेवणाला माझ्या ताटाकडे पाहायची. रविवारी ती म्हणाली, “तुमी काही तरी गिळून बसले. अन्न नोहे ते.”

“काही नाही.”

“छत्तीस वर्षं लोकाइची पुस्तकं सांभाळली. एकदा आपलं काय ते उघडा ना.”

मी पेपर उघडला. आतल्या पानावर अवकाश कार्यक्रमाच्या खर्चावर एक लेख होता. मी तो शेवटपर्यंत वाचू शकलो नाही. त्यात कुठे सात हा आकडा येतो का, एवढंच माझे डोळे शोधत होते.

सोमवारी, बावीस तारखेला, शंकरराव पुन्हा आले. या वेळी हातात पेढ्यांचा पुडा होता.

“काम झालं सर,” ते म्हणाले. “फोटो पाहून समितीवाले म्हनले, नुसतं कार्ड चालनार नाही. कोनी तरी लिहून द्या का म्या तो अहवाल डोळ्यानं पाह्यला. तं पोरगी म्हने, मी लिहून देते. गुरुवारी सही करनार.”

“पण तिनं कुठं पाहिलाय?”

“म्या बी तेच म्हटलं. म्हटलं, बाई, तुह्या बापानं चावी पाह्यल्याशिवाय कधी सही नाही केली. थंडी असो का पानी. तं ती काय म्हने माहीत हाये? म्हने, बाबा, सरांनी पाह्यला म्हंजे म्याच पाह्यला.” त्यांनी पुडा माझ्यापुढे सरकवला. “घ्या ना सर.”

मी पेढा घेतला नाही. एकदा सही झाली की ती खोटी निघायला किती दिवस लागतील, एक की दहा, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप चालला होता. समितीत तिच्या विरोधात बसलेली माणसं मूर्ख नसणार. ते शोधतील. त्यांना काही सापडणार नाही. मग समताचं टिपण जाईल, समता जाईल, आणि तिसरं रिकामं उड्डाण तर सगळ्यांत आधी जाईल. आणि नाही शोधलं तर? तर माझ्या सातावर एक उड्डाण उभं राहील. त्यातलं कोणतं जास्त भयंकर, ते मला ठरवता येईना.

“शंकरराव,” मी म्हणालो, “तुम्ही जरा बसा. मी तिला पत्र लिहितो. लिहून झालं की तुम्ही ते वाचा.”

“म्या काऊन वाचू? तुमचं अन् तिचं...”

“तुम्ही वाचलं नाहीत तर मी ते टाकणार नाही. मी मला ओळखतो.”

ते पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसले. मी लिहायला घेतलं. महिनाभर जे जमलं नव्हतं त्याला वीस मिनिटं लागली. मी लिहिलं :

‘चि. समता, लिंडहर्स्ट आयोग नाही. तो अहवाल नाही. ते वाक्य मी तुझ्या भाषणासाठी रचलं, कारण माझ्या नावानं ते कोणी ऐकेल असं मला वाटलं नाही. सातातला एक हा आकडा मी मनानं घातला. वडिलांनी पाठवलेलं कार्डही मीच या महिन्यात तयार केलं आहे. ते खोटं आहे. तू कशावरही सही करू नकोस. हे पत्र समितीला दाखव, त्यावर माझी सही आहे. तुझ्या टिपणातून माझं वाक्य काढल्यावर काय उरतं ते मला समजत नाही, मी त्यातला नाही. पण तुझी तिसरी छत्री उशिरा उघडली, हे तू स्वतः पाहिलं आहेस. ते तुझं आहे. माणूस पाठवावा की नाही यावर मी आयुष्यात दोन्ही बाजूंची भाषणं लिहिली आणि एकाही बाजूला उभा राहिलो नाही. तू राहिलीस. तुझ्या पायाखाली मी जे ठेवलं होतं त्याबद्दल माफी मागायचा मला हक्क नाही. शालिग्राम.’

शंकररावांनी चष्मा लावला. ते हळू वाचतात, ओठ हलवत. ‘नाही’ या शब्दाशी ते थांबले आणि पुन्हा वरून सुरू केलं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि हातानं सपाट केला.

“मंग तो सातवा,” ते म्हणाले. “तो कोन होता?”

“कोणीच नव्हता.”

“कोनीच नव्हता,” ते म्हणाले. त्यांची नजर फरशीवर होती. “मले वाटे, कोनी तरी असंन. त्याचं नाव बी असंन. म्या तं त्याच्यासाठी कधी कधी...” ते थांबले. “जाऊ द्या.”

मी पत्राची घडी घालून ते पाकिटात सारलं.

“सर, रूळ तुटला तं गाडी थांबवता येते,” ते उठत म्हणाले. “लाल झेंडी असते. तुमाले एवढ्या वर्षात एक बी झेंडी नाही भेटली?”

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही पोस्टात चालत गेलो. कापसाच्या गाड्यांचा हंगाम अजून लागला नव्हता, रस्ता मोकळा होता, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की दुकानदारांनी बाहेरचा माल आत घेतला होता. पोस्टाच्या पायरीवर शंकररावांनी समताला फोन लावला.

“सही नको करू,” ते म्हणाले. “गुरुवारी नाही, कधीच नाही. सरांचा कागद येऊन राह्यला... नाही. मी नाही सांगत... बाई, म्या सांगनार नाही. त्याइच्याच अक्षरात वाच.” मग त्यांनी मोबाईल माझ्याकडे धरला. “तुमाले मागते.”

आतून बारीक आवाज येत होता, “सर? सर?” माझा हात वर झाला नाही. शंकररावांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन स्वतःच्या कानाला लावून म्हणाले, “ठेवतो मंग.”

खिडकीवर संजीवनी नावाची मुलगी बसते. वाचनालयाचं टपाल तिच्याकडूनच जातं. मी रजिस्टर मागितलं.

“रजिस्टर बंद झालं काका, ह्या महिन्यापासून. आता सगळं स्पीड पोस्टच.” तिनं पाकीट वजनावर ठेवलं. “बेंगळुरू. अर्जंट हाये काय?”

“कधी पोचेल?”

“चार दिवस धरा. मधात रविवार हाये. पानी असंन तं पाच-सहा.” तिनं बोटांवर मोजलं. “शनिवारी नाही तं सोमवारी.”

सोमवारी एकोणतीस होती, समितीचा दिवस. शंकररावांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. संजीवनीनं पट्टी चिकटवली, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. पिशवीचं तोंड अजून बांधलेलं नव्हतं.

“झालं काका,” ती म्हणाली.

“हाव,” शंकरराव म्हणाले, पण हलले नाहीत. मीही हललो नाही. साडेतीनला एक माणूस आतून आला, त्यानं पिशवी उचलून झटकली, तोंड आवळलं आणि दोरीला सील लावलं. ते होईपर्यंत आम्ही दोघं खिडकीपाशी उभे होतो.